ग्रास कटर रेस घेत नाही? आधी स्क्रूपासून हात लांब ठेवा

पावसानं उघडीप दिली की बांधावरचं गवत आणि कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत भातकापणी एकदमच अंगावर येते, आणि टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) यंत्रांच्या तक्रारी सुरू होतात. ग्रास कटर आणि पाठीवरचे पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप यांचे बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून तालुक्या-तालुक्यांतून आलेले प्रश्न एकत्र घेतो.

भुदरगड: चोकवर चालू होतो, चोक काढला की बंद. दुकानदार म्हणतो, कार्बोरेटरच बदला.

बदलू नका. चोकवरच चालतो याचा अर्थ पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी जादा हवा ओढली जातेय. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्यानं वर ओढून बघा. पेट्रोलची नळी वाकवून बघा, भेग लगेच दिसते. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं पॅकिंग व बोल्ट तपासा. आयडलवर (रेस न देता चालू असताना) रेस आपोआप वर-खाली होत असेल तर हवा शिरतेय असं समजा. एवढं करूनही तेच, तर कार्बोरेटर खोलून आतली जाळी आणि डायफ्राम (पातळ पडदा) बघा. डायफ्राम मऊ असतो. कागदासारखा कडक झाला असेल तर किट बदला. अख्ख्या कार्बोरेटरपेक्षा ते फार स्वस्त पडतं, म्हणूनच दुकानदार त्याचं नाव काढत नाही. जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात) तार घालू नका. भोक केसाएवढं वाढलं तरी हिशेब बिघडला.

शिरोळ: ताकद कमी वाटत होती. मिस्त्रीनं एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा, पूर्ण रेसला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) आवळला, मशीन मस्त पळाली. दोन दिवसांनी पिस्टन धरला, म्हणजे आत अडकून बसला.

हे मी अनेक शिवारांत बघितलंय. आपल्याकडं गल्लोगल्ली इंजिनाचे जाणकार आहेत, पण त्यांचं बरंचसं ज्ञान डिझेल इंजिनाचं. तिथं ऑइल खाली वेगळं असतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. एच स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी झालं, आणि पेट्रोलमुळं मिळणारा गारवाही गेला. मशीन पळते, आवाज बारीक आणि कडक येतो, गडी खूष होतो. तोच आवाज पिस्टन धरण्याआधीचा असतो. रेससाठी एच स्क्रू आवळू नका. कुणीही सांगितलं तरी आवळू नका.

ताकद कमी असेल तर आधी एअर फिल्टर धुवा, सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजली आहे का बघा, मग प्लग काढा. प्लग तपकिरी असेल तर ठीक. काळा-ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जादा. पांढरा पडला असेल तर मशीन पुढं चालवू नका.

एवढं करूनही स्क्रूला हात लावायचाच, तर आधी तो हलक्या हातानं पूर्ण बंद करत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. जोरात आवळला तर टोक खराब होतं. पुस्तिका हरवली असेल तर एल (कमी रेसच्या पेट्रोलचा स्क्रू) आणि एच दोन्ही साधारण एक ते दीड फेरा उघडे ठेवून सुरुवात करा. मशीन तापू द्या. आधी एल: आयडल सर्वांत चढेल तिथं आणा, मग पाव फेऱ्याच्या आत उघडा. नंतर आयडलचा स्क्रू, पातं फिरायचं थांबेपर्यंत. आयडलवर पातं फिरत असेल तर मशीन शेतात नेऊ नका. शेवटी एच: पूर्ण रेसवर मोकळं असताना आवाज किंचित भरडा, फुटका हवा, आणि पातं गवतात घातलं की तो साफ व्हायला हवा. मोकळं असताना रेस दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. काही फवारणी पंपांच्या फ्लोटच्या (आत तरंगता गोळा असलेल्या) कार्बोरेटरला एच स्क्रू नसतोच. तिथं फिरवत बसू नका, जेट साफ करा.

राधानगरी: दुकानदार म्हणतो, ऑइल थोडं जास्तच टाका, इंजिन टिकतं.

टिकत नाही. जास्त ऑइल म्हणजे त्याच जेटमधून तेवढं पेट्रोल कमी. वर काजळी आणि प्लग खराब. यंत्रावर २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिलि, ४०:१ असेल तर २५, ५०:१ असेल तर २०. माप बाटलीच्या झाकणाचं नको, मिलिच्या खुणा असलेल्या मापाचं घ्या. ऑइल टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचंच. ट्रॅक्टरचं, मोटारसायकलचं नाही. रॉकेल तर अजिबात नाही.

आणि माझा हट्ट ऐका: काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढतं, पाणी तळाशी बसतं, जुन्या नळ्या आणि डायफ्राम खराब होतात. आपल्याच उसाचं इथेनॉल, पण चार महिने टाकीत मुरवायला नाही. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करा.

पन्हाळा: दहा मिनिटं चालतो, मग बंद.

बंद पडला की टाकीचं झाकण सैल करा. चालू झाला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

नवीन यंत्राला अनुदान?

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, 'बिल मागची तारीख टाकून देतो' म्हणणाऱ्याकडून तर नाहीच. दुरुस्तीला अनुदान नाही.