कोरोनाच्या साथीनंतर कॅनडात टोरांटो विमानतळावरची गर्दी परतली, मग लहान शहरांच्या विमानफेऱ्या का परतल्या नाहीत?
मुख्य कारण असं की कंपन्यांनी हाताशी असलेली विमानं आणि वैमानिक मोठ्या केंद्रांकडे वळवले, कारण तिथे एका उड्डाणाला पुढच्या अनेक उड्डाणांचे प्रवासी मिळतात. एअर कॅनडाने जून २०२० मध्येच ३० देशांतर्गत प्रादेशिक मार्ग थांबवल्याचं आणि ८ ठिकाणचं कामकाज बंद केल्याचं जाहीर केलं होतं. शिवाय कॅनडात विमानतळांचा आणि हवाई वाहतूक नियंत्रणाचा खर्च मुख्यतः प्रवासी आणि कंपन्यांकडूनच वसूल होतो. प्रवासी आटले, तर हवाई वाहतूक नियंत्रण सांभाळणाऱ्या नॅव्ह कॅनडा या संस्थेने सप्टेंबर २०२० पासून शुल्क सरासरी २९.५ टक्क्यांनी वाढवलं! कमी प्रवाशांच्या मार्गांना हे परवडणार कसं? कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशाचं मात्र वेगळं. तिथे गावांना जोडणारे रस्तेच नाहीत, म्हणून सरकारी मदतीने विमानसेवा चालू ठेवावी लागली.