क्वेकरांकडे वर्षभर काम करू का? बाबा नको म्हणतायत

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडात ब्रॅडफर्डला पीस स्टडीजमध्ये एमए करतेय, थीसिस संपत आलाय. एका सिनियरने सांगितलं की क्वेकर (युद्धाला विरोध करणारा एक ख्रिश्चन पंथ) लोक तरुणांना वर्षभरासाठी शांतता आणि अहिंसेचं काम करणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये पाठवतात आणि पगारही देतात. मला जायचंय, पण बाबा म्हणतात हे मिशनरी प्रकरण आहे, धर्म बदलायला लावतील आणि वर्ष फुकट जाईल ते वेगळंच. आई विचारते, ओट्सवाले क्वेकर ते हेच का. काय करू?

उत्तर : आधी आईचं, कारण ते सोपंय. ओट्सच्या डब्यावरच्या टोपीवाल्या आजोबांचा या लोकांशी काही संबंध नाही, १८७७ मध्ये अमेरिकेत कुणीतरी प्रामाणिक माणसांची इमेज म्हणून ते नाव उचललं, झालं. आईला ओळखीचं काही सांगायचंच असेल तर कॅडबरी सांग, ते घराणं खरंच क्वेकर होतं. आणि बाबांना हेही सांग की तू आत्ता ज्या डिपार्टमेंटमध्ये बसतेस तेच क्वेकरांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये सुरू झालंय, तिथले पहिले प्रोफेसर अॅडम कर्ल स्वतः क्वेकर, आणि १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारत-पाकिस्तानात मध्यस्थी करायला जे क्वेकर गेले त्यांच्यात ते होते. म्हणजे फी भरून तू ऑलरेडी त्यांच्या अंगणात आहेस!

पण बाबांची शंका हसण्यावारी नेऊ नकोस हं. एकोणिसाव्या शतकात क्वेकर मिशनरी आपल्या शेजारी होशंगाबादला आलेच होते, शाळा-दवाखाने काढले आणि काही लोक ख्रिश्चनही झाले, हा इतिहास आहे, लपवायचं कशाला. पुढे मात्र गोष्ट बरीच बदलली. इंग्लंडहून आलेल्या क्वेकर मार्जरी साइक्स गांधीजी गेल्यानंतर सेवाग्रामला येऊन नई तालीमच्या, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना शिकवत राहिल्या, इंग्रज क्वेकर होरेस अलेक्झांडर १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीचा सोहळा सोडून कलकत्त्यात गांधीजींबरोबर होते, यांनी कुणाचा धर्म बदलायचा ध्यास घेतलेला दिसत नाही. आजच्या ब्रिटनमधल्या क्वेकरांची प्रार्थना म्हणजे एक तास गप्प बसणं, पाद्री नाही, भजन नाही, कुणाला आतून वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलतो आणि परत बसतो, शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवून चहा. बाप्तिस्मा हा प्रकारच त्यांच्यात नाही. (जगभर असं नाही, सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिथे पाद्रीही असतो आणि गाणीही दणक्यात.) अशा जागांवर क्वेकर नसलेली मुलंमुली सर्रास काम करतात. मुलाखतीत एवढं बघतात की त्यांच्या मूल्यांशी तुझं जमतं का, म्हणजे युद्ध नको, माणसामाणसात उच्चनीच नको, साधं राहा, खरं बोला. यातलं काही बाबांनाही न पटण्यासारखं आहे असं मला तरी वाटत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते, धर्माची नाही, कंटाळ्याची. शांततेचं काम म्हटलं की डोळ्यासमोर मोर्चे, बॅनर, साखळी करून बसलेली माणसं येतात, आणि प्रत्यक्षात तू वर्षभर मीटिंगचे मिनिट्स लिहिशील, ईमेल याद्या नीट करशील, फंडिंगचे अर्ज भरशील, खुर्च्या मांडशील. क्वेकरांचं ऑफिस जिनिव्हात आणि न्यूयॉर्कमध्ये युनोच्या दाराशी आहे, १९४८ पासून त्यांना तिथे सल्लागाराचा दर्जा आहे, आणि त्यांची पद्धत म्हणजे एकमेकांशी उघडपणे न बोलणाऱ्या देशांच्या डिप्लोमॅट्सना आपल्या घरी जेवायला बोलवायचं, बाहेर कुठे छापायचं नाही या बोलीवर, आणि त्यांना बोलू द्यायचं. तिथेही तरुणांना वर्षभरासाठी घेतात, आणि त्या मुलांचं काम काय तर कागदपत्रं वाचून ठेवणं, बैठकीत मागे बसून टिपणं काढणं. अठरा वर्षांखालच्या मुलांना युद्धात लढायला लावू नये यासाठी हे लोक वर्षानुवर्षं मागे लागले होते, इतरही बऱ्याच संस्था होत्या, तेव्हा कुठे २००० साली युनोने तसा करार मंजूर केला. एवढ्यात किती बॅचेस आल्या आणि गेल्या असतील विचार कर, ज्यांच्या वर्षात काहीच झालं नाही! ते तुला चालेल का, हे स्वतःला विचार, बाबांना नको.

आणखी एक, त्यांच्यात मतदान नसतं. हात वर करून बहुमताने ठराव पास, हे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतं तसं तिथे होत नाही, सगळ्यांचा सूर एक होईपर्यंत थांबतात, क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा, तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवतो, कुणी अडलं तर पुन्हा शांत बसतात. विषय चटकन संपवायची सवय असलेल्या माणसाला पहिले दोन महिने वेड लागेल. पण खरं सांगू का, मला हेच या वर्षातलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं, कारण न ओरडता अडून बसायचं कसं आणि समोरचा अडला तर त्याला रेटून पुढे न जाता काय करायचं, हे कुठल्या एमएमध्ये शिकवत नाहीत.

पैशाचं बोलू. जगण्यापुरते मिळतात, साठत नाहीत. एज्युकेशन लोन असेल तर ईएमआय कुणाच्या खिशातून जाणार ते अर्ज करायच्या आधी घरी बसून ठरवा, नंतर त्यावरून भांडू नका. तुझ्या व्हिसावर हे काम चालतं का ते संस्थेला ईमेलने विचार, सिनियरच्या शब्दावर राहू नकोस. आणि अर्जात जागतिक शांतता, वसुधैव कुटुंबकम वगैरे लिहू नकोस बाई, सगळेच लिहितात. हॉस्टेलमध्ये, गावात, नात्यात एखादं भांडण तू मिटवायला गेलीस आणि ते कसं चिघळलं किंवा कसं निवळलं, ते लिही, नावं न घेता.

वर्ष फुकट जाईल का? कॉर्पोरेट नोकरीच हवी असेल तर हो, थोडं जाईल, खोटं कशाला बोलू. याच क्षेत्रात राहायचं असेल तर जा.

प्रश्न : डोळे मिटून गप्प बसून कधी युद्ध थांबलंय का? – एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : नाही हो सर. पण हे लोक नुसते बसत नाहीत. १९३८ च्या डिसेंबरमध्ये तीन अमेरिकन क्वेकर थेट बर्लिनला गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या ऑफिसात गेले, ज्यूंना मदत पोचवायची परवानगी मागायला. अधिकारी आतल्या खोलीत ठरवायला गेले तेवढा वेळ हे तिघे मान खाली घालून शांत बसले. मदतीला परवानगी मिळाली, थोडीफार. युद्ध थांबलं नाही, पण ज्यू संस्थांच्या जोडीने क्वेकरांनीही कितीतरी मुलांना जर्मनीबाहेर काढून इंग्लंडला पोचवलं. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकर संस्थांना मिळालं ते असल्या कामासाठी. गेस्टापोकडे विनंती करायला जाणं भाबडेपणाचं होतं असं म्हणणारेही आहेत, आणि तो आक्षेप मला अगदीच चुकीचा वाटत नाही.

प्रश्न : ताई, मला परदेशात जाणं शक्य नाही, घरी जबाबदारी आहे. नागपूरला राहून असलं काही शिकता येईल का? वय २३.

उत्तर : येईल की. बर्मिंगहॅमचं वुडब्रुक, म्हणजे कॅडबरींचं जुनं घर जे १९०३ पासून क्वेकरांचं शिक्षणकेंद्र होतं आणि जिथे गोलमेज परिषदेच्या वेळी १९३१ मध्ये गांधीजी राहून गेले, त्यांनी आता ती वास्तू सोडलीय आणि बरेच कोर्स ऑनलाइन घेतात, इंग्रजी बरं असेल तर बघ. तुरुंगातली हिंसा कमी करायला कैदी आणि क्वेकर यांनी मिळून १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीन हेवन तुरुंगात एक वर्कशॉप सुरू केलं, ऑल्टरनेटिव्ह्ज टू व्हायोलन्स, त्याबद्दल वाच, त्यात लेक्चर कमी आणि खेळ, गप्पा, भूमिका करून बघणं जास्त. आणि परदेशी शिक्का हवाच असं काही नाही हं, हे सगळं दोन्ही बाजूंनी वाहत आलंय. पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल १९८१ मध्ये कॅनडात स्थापन झाली तेव्हा क्वेकरांच्या बरोबरीने आपले गांधीवादी नारायण देसाई होते, शांतिसेनेचा, म्हणजे दंगलीत शस्त्राशिवाय मध्ये पडणाऱ्या सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या दलाचा अनुभव घेऊन गेलेले. ते लोक धमक्या येणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर नुसते सोबत म्हणून राहतात, ग्वाटेमालात, कोलंबियात, हातात शस्त्र काही नाही.

तुला नागपूरहून सेवाग्राम जवळच आहे, ट्रेनने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एकदा जाऊन बापूकुटी बघून सेल्फी काढून परत येऊ नकोस, ऑफिसात जाऊन शिबिरं कधी असतात ते विचार आणि स्वयंपाकघरात किंवा शेतात हात लागणार असेल तर लाव. घरची जबाबदारी म्हणतोस तर रविवारपासून सुरू कर.