मिश्र वापराच्या भागात (दुकानं, घरं, कचेऱ्या एकत्र असतात तिथे) रस्ते पायी चालण्याजोगे व्हावेत म्हणून झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि कसं बांधायचं याच्या, नियमांत फूटपाथची रुंदी किती लिहावी?

रुंदीचा आकडा आधी देऊन टाकतो. चालायची मोकळी पट्टी किमान १.८ मीटर, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातात. दुकानांच्या रांगेसमोर २.५. तिच्या बाहेर रस्त्याच्या कडेला झाडं, खांब, बाकं यांना १.५ मीटर आणि आत भिंतीलगत काचेत डोकावणाऱ्यांसाठी अर्धा ते एक मीटर. ‘मोकळी’ हा शब्द नियमात विसरू नका. नाहीतर ४ मीटरच्या फूटपाथवर मधोमध विजेची पेटी उभी राहते आणि कागदावर रुंदी ४ मीटरच दिसते.

पण रुंदीवर सगळे भांडतात आणि फूटपाथची वाट लागते ती गाडीच्या प्रवेशाशी. फूटपाथची उंची १५० मिलिमीटर धरा. १:१० उताराने गाडी चढवायला १.५ मीटर लागतात, आणि झाडांची पट्टी नेमकी तेवढीच आहे. म्हणजे चढ त्या पट्टीत संपवून चालायची पट्टी सपाट ठेवता येते. प्रत्यक्षात अख्खा फूटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरवला जातो, कारण करायला ते सोपं. मग चालणारा दर प्लॉटला खाली-वर होतो, पाणी त्याच खोलग्यात साठतं. आणि पूर्ण रुंदीला तिरका उतार दिला तर व्हीलचेअर रस्त्याकडे ओढली जाते. नियमात स्पष्ट लिहा: प्रवेशापाशी चालायची पट्टी त्याच पातळीत, त्याच फरशीत सलग, आडवा उतार २ टक्क्यांच्या आत, चढ फक्त झाडांच्या पट्टीत. फरशी बदलली की गाडीवाल्याला तो आपलाच रस्ता वाटतो. तेवढ्या भागात फरशीखालचा थर मात्र जाड हवा, नाहीतर चाकांनी ब्लॉक खचतात. गेट प्लॉटच्या हद्दीपासून ६ मीटर आत आणि आतल्या बाजूला उघडणारं, म्हणजे गेट उघडायची वाट पाहणारी गाडी फूटपाथवर आडवी उभी राहणार नाही. एका प्लॉटला एकच प्रवेश, आणि बाजूची किंवा मागची गल्ली असेल तर तिथूनच.

आता समोरचं सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटची हद्द आणि इमारत यांच्यात सोडायची जागा. यावर मी नकाशे मंजूर करणाऱ्यांशी कायम वाद घालतो. ‘समोर मोकळी जागा सोडली की रस्ता प्रशस्त वाटतो,’ हे साफ चुकीचं आहे. त्या जागेत गाड्या लागतात, दुकान मागे जातं आणि फूटपाथच्या एका बाजूला वाहतूक, दुसऱ्या बाजूला बॉनेट! ‘पुढे रस्ता रुंद करायला जागा राहते,’ हा दुसरा बहाणा. रुंदीकरण करायचंच असेल तर त्याची रेषा वेगळी आखा. मिश्र वापराच्या मुख्य रस्त्यांवर किमान अंतराऐवजी सक्तीची बांधकाम रेषा हवी: दर्शनी लांबीपैकी ७० ते ८० टक्के भिंत त्याच रेषेवर, आवारभिंत नाही, समोर पार्किंग नाही. आणि किमान पार्किंगची सक्तीही काढा. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ती सगळ्या शहरातून काढली. सक्ती असेपर्यंत तळमजला गाड्यांनाच जातो.

तळमजल्यावर दर १०० मीटरला १५-२० दरवाजे असले की रस्ता जिवंत राहतो, असं डॅनिश नगररचनाकार यान गेल यांचं वर्गीकरण सांगतं. त्यासाठी एका गाळ्याच्या दर्शनी रुंदीवर कमाल मर्यादा घाला. काच आरपार दिसणारी, आरशासारखी नको. जोत्याची पातळी फूटपाथशी मिळती हवी. जोतं ४५० मिलिमीटर वर घेतलं की तीन पायऱ्या फूटपाथवर उतरतातच; पायऱ्या आणि रॅम्प प्लॉटच्या आत, हे लिहूनच ठेवा. दुकानदार तरी जोतं का उचलतो? रस्ता न खरवडता थरावर थर चढतो आणि पाणी आत शिरतं. हे झोनिंगच्या हातात नाही, पण रस्तेवाल्यांना पत्र लिहायला हरकत नाही.

प्लॉटमधून आरपार पायवाट दिली तर जादा चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, हा मोह जपून. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये मोकळ्या चौकांबदल्यात जादा बांधकाम दिलं. ओसाड फरशा मिळाल्या. लोक अशा चौकांत कसे वावरतात हे पाहणाऱ्या विल्यम व्हाइट या अभ्यासकाच्या निरीक्षणांनंतर १९७५ मध्ये बसायची जागा वगैरे अटी घालाव्या लागल्या. पायवाट ४ मीटर रुंद आणि सरळ हवी, म्हणजे आत शिरण्याआधी दुसरं टोक दिसतं. आणि जाण्यायेण्याचा सार्वजनिक हक्क नोंदवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही. एरवी वर्षभरात तिथे ग्रिल बसतं.

एक राहिलं. बांधकाम रेषा पुढे आणण्याआधी अग्निशमनाच्या गाडीला लागणारी जागा मोजा, आणि तळमजल्यावर घरं असतील तिथे दीड-दोन मीटर अंतर राहू द्या. खिडकीला खेटून लोक चाललेले कुणाला आवडत नाहीत. मागे गल्लीच नसलेल्या अरुंद प्लॉटांना शेजाऱ्याशी मिळून एक प्रवेश करू द्या, मात्र दोन्ही प्लॉटांच्या मंजूर नकाशांत तो दाखवलेला हवा.