संकटात सापडलेल्या मित्राचा विश्वास परत कसा आणावा? त्याला कुठली वचनं पाठवावीत?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या आजारपणात मित्र कर्जात बुडाला, आता रविवारी चर्चला येत नाही, "देव कुठंय दाखव" म्हणतो. तुम्ही त्याला रोज सकाळी बायबलमधलं एक वचन व्हॉट्सॲपवर पाठवता, निळी टिक येते, उत्तर येत नाही. मग आणखी कुठली वचनं पाठवू, असा तुमचा प्रश्न.

पाठवू नका. निदान महिनाभर तरी नाही.

उद्धट वाटेल, पण त्या निळ्या टिकच्या पलीकडे साडेतीन वर्षं मी बसलो होतो.

मी नगरचा. (कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातून नगर जात नाही.) नागापूर एमआयडीसीत लेथवर आहे. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबांच्या वेळेपासून घरी ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक यायचं, नारायण वामन टिळकांची भजनं पेटीवर वाजवतच मोठा झालो. तेव्हा वचनं ठाऊक नव्हती म्हणून माझा विश्वास गेला, असं काही नाही. वचनं आमच्याकडे पोत्यानं होती.

2015 च्या पावसाळ्यात बायकोच्या पायावर सूज आली. बीपी जुनंच, गोळ्या कधी घेतल्या कधी राहिल्या. तपासलं तर दोन्ही किडन्या संपलेल्या. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस सुरू झालं, एका वेळेला चार तास. मशीन सरकारी योजनेत बसलं, पण रक्त वाढवायची इंजेक्शनं, रिक्षा आणि माझे खाडे कुठल्या योजनेत बसतात? दिवसाला पाणी पाऊण लिटर, त्यात चहा आणि आमटीसुद्धा धरायची. एप्रिलात नगरचं ऊन आणि पाऊण लिटर. ती बर्फाचा एक खडा गालात धरून दुपार काढायची.

डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे शीर आणि धमनी एकमेकींना जोडतात. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. ती झोपली की मी रात्री हळूच बोट ठेवून बघायचो. घुरघुर लागली की कूस बदलायचो. त्या काळात माझी प्रार्थना एवढीच होती, आणि ती प्रार्थना आहे हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी चिडलो असतो.

लोक यायचे. सुरुवातीला पुष्कळ यायचे. घरसभा व्हायची, वचन व्हायचं, चहा व्हायचा, आणि जाताना दारात चप्पल घालता घालता कुणीतरी म्हणायचं, "प्रभूची काहीतरी योजना असेल हो." मी मान हलवायचो. योजना असेल तर ती मला नको, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

आता मेव्हण्याचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून आधी तोच डोळ्यांसमोर आला. बायकोचा थोरला भाऊ. वचन तोंडपाठ, अध्याय-ओवीसकट. 2017 च्या नोव्हेंबरात तो तिला एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करायच्या सभेला, घेऊन गेला. मी दिवसपाळीला होतो. तिथे स्टेजवरून सांगितलं की विश्वास पूर्ण असेल तर औषधाची कुबडी टाका. तिनं टाकली. शुक्रवारचं डायलिसिस चुकवलं, मंगळवारचंही चुकवलं. मी म्हणालो चल, तर म्हणाली, "दादा म्हणतो, आता मशीनवर गेले तर अविश्वास होईल." बुधवारी रात्री तिला आडवं पडता येईना. छातीत पाणी भरलेलं, बसून श्वास घेत होती, तोही बुडबुड्यांचा आवाज करत. चार दिवस आयसीयूत होती.

तिथून ती वाचून परत आली आणि पुढे चौदा महिने जगली. 2019 च्या जानेवारीत पहाटे झोपेत हृदय बंद पडलं. आणि मातीच्या दिवशी, कबरीवरची माती ओली असताना, मेव्हणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, वाईट वाटून घेऊ नका, पण सभेनंतर तुम्ही तिला पुन्हा मशीनवर नेलंत ना, तिथंच विश्वास तुटला."

हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

त्यानंतर मी बायबलातलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं. देवासाठी नाही, मेव्हण्याला उत्तर द्यायला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, तरी एक जागा कधी नीट पाहिली नव्हती. ईयोब भला माणूस, तरी त्याची मुलंबाळं, धन, तब्येत सगळं जातं. मग त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात, त्याची दशा बघून रडतात, अंगरखे फाडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणीही एक शब्द बोलत नाही. त्या तिघांनी अख्ख्या पुस्तकात बरोबर केलेली गोष्ट एवढीच. चौथ्या अध्यायात अलीफज तोंड उघडतो आणि सगळं बिघडतं. पुढे पानंच्या पानं एकच पालुपद: तुझं काहीतरी चुकलं असणार, नाहीतर असं होतं का? आणि शेवटी देव रागावतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या या तिघांवर! बेचाळिसावा अध्याय काढून बघा. प्रत्येक प्रचारकानं हा अध्याय वर्षातून एकदा उपाशीपोटी वाचावा असं माझं मत आहे.

आणि "विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यांना मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. कफर्णहूमला चौघं जण पक्षघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, तर छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशू "त्यांचा विश्वास" बघतो असं लिहिलंय. त्यांचा. बाजेवरचा माणूस त्या वेळी देवाला शिव्या देत होता की झोपला होता, मार्कानं लिहिलेलं नाही. आजाऱ्यानं विश्वासाची परीक्षा पास व्हावी अशी अट त्या गोष्टीत कुठेही नाही. उचलणाऱ्यांनी उचललं, बस. मेव्हण्यालाही मी हे ऐकवलंय. तो म्हणाला, "तुम्ही संदर्भ सोडून बोलताय." असो.

माझी बाज ज्यानं उचलली त्याचं नाव चर्चच्या मंडळीच्या यादीतून जवळजवळ गळालेलं होतं. आमच्या भजनाचा तबलजी. अकरा वर्षांपूर्वी हिशेबावरून कुणाशी तरी वाजलं, तेव्हापासून रविवारी येत नाही. टेम्पो चालवतो. पहिल्या महिन्यात एका मंगळवारी तो डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसला, आणि मग येतच राहिला. भाडं असेल तर नाही यायचा, नसेल तर यायचा. एकदाही "काळजी करू नको" म्हणाला नाही. बोलणं काय, तर टायरचे भाव, कांद्याचे भाव, आणि मला आवडत नाही तरी क्रिकेट. बायको बाहेर आली की तिचं वजन विचारायचा, कारण मशीनआधी आणि मशीननंतर किती उतरलं यावर तिचा त्या दिवसाचा मूड असायचा आणि हे त्यानं न सांगता ओळखलं होतं. "अडीच किलो? वा वहिनी, माझं एवढं उतरलं असतं तर बायकोनं ओवाळलं असतं." ती हसायची. डायलिसिस करून आलेलं माणूस हसतं, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच त्याची किंमत.

तेव्हा तुमच्या मित्राकडे जा. फोन करून "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कुणीही सांगत नाही. कर्ज आहे म्हणताय, तर सावकाराचं किती आणि बँकेचं किती हे त्याच्याबरोबर कागदावर लिहायला बसा. तुमची ऐपत असेल तर मुलाच्या औषधाचं एक बिल परस्पर भरा आणि त्याची साक्ष मंडळीत देऊ नका. तो देवाला शिव्या देईल, देऊ द्या. तुम्ही देवाचे वकील नाही. त्या तिघांनी वकीलपत्र घेतलं होतं, त्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आता विश्वास परत येतो का? मला माझंच माहीत आहे. ती गेल्यावर आठ महिने मी चर्चची पायरी चढलो नाही. एक दिवस पाळकसाहेबांचा फोन आला. मला वाटलं, आलं आता वचन. ते म्हणाले, "चर्चच्या पेटीचा भाता फाटलाय, दुरुस्तीवाला नुसत्या तारखा देतोय. तुम्ही उपासनेला येऊ नका, पेटी तेवढी बघून जा." शनिवारी गेलो. भात्याच्या घडीतलं कातडं उंदरानं कुरतडलेलं होतं. जुनं खरवडून काढलं, बाजारातून मऊ कातडं आणलं, सरस लावला, दोन सूर कण्हत होते ते पण काढून साफ केले. चार तास गेले, आणि त्या चार तासांत मला आठवलं नाही की मी रुसलेलो आहे. रविवारी गेलो ते पेटी नीट वाजते का ऐकायला. मागच्या बाकावर बसलो. पुढच्या रविवारी पण मागच्याच. अजून तिथंच बसतो.

घाईचा भाग नाही हा. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. केवढा मोठा कवी, शब्दांना तोटा नव्हता. तरी घरातल्या लक्ष्मीबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी. तुमच्या मित्राला तुम्ही किती दिवस दिलेत?

थोडं मागे घ्यायचं आहे ते घेतो, नाहीतर लोक कमेंटमध्ये येतील. मंडळी वाईट नसते. माझ्या खाड्यांच्या काळात दोनदा किराणा भरून दिला तो मंडळीच्याच बायकांनी, आणि वचन न सांगता दिला. मी प्रार्थनेच्याही विरुद्ध नाही. औषध बंद करायला लावणाऱ्या प्रार्थनेच्या विरुद्ध आहे आणि मरेपर्यंत राहीन. तिसरं, गप्प बसणं सगळीकडे चालत नाही. मित्र जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागला, झोप उडाली, वस्तू वाटून टाकायला लागला, तर सात दिवस बसून राहू नका, डॉक्टरकडे न्या. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

आणि मेव्हण्याबद्दल एक गोष्ट वर लिहायची टाळली, ती लिहितो. 2016 साली किडनी द्यायला पहिला तो पुढे आला होता. मी विचारलंसुद्धा नव्हतं. तपासणीत त्याला शुगर निघाली, डॉक्टरांनी नको म्हटलं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. सभेला नेलं ते त्यानंतर. हे मला माहीत आहे. ईयोबानं त्या तिघांसाठी प्रार्थना केली तेव्हा त्याचे दिवस पालटले, असंही त्याच बेचाळिसाव्या अध्यायात आहे, तेही मला माहीत आहे. माझ्याच्यानं अजून झालेलं नाही. नाताळला फराळाचा डबा पाठवतो, तेवढं होतं.

वचनाचं विचारलंत म्हणून एकच सांगतो: अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी वळण घेऊन स्तुतीला लागतात, हे लागत नाही. देवा, मी हाक मारतोय आणि तू तोंड लपवतोस, माझे सोबती तूच दूर केलेस, असं म्हणत ते अंधारातच थांबतं. कुणीतरी ते तसंच पवित्र शास्त्रात राहू दिलंय. पण हेही पाठवू नका. आयसीयूतल्या तिसऱ्या रात्री तबलजीनं माझ्या पिशवीतलं बायबल काढलं, बराच वेळ पानं उलटत बसला, आणि मग हे स्तोत्र वॉचमनला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, अडखळत, पूर्ण वाचलं. पुस्तक पिशवीत ठेवलं. आणि विचारलं, "चहा आणतो. साखर कमी सांगू?"