कॅमेऱ्याचा सोर्स कोड सरकारकडे गेला तर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात नवे सीसीटीव्ही कॅमेरे लावायचेत, पण कंपन्यांना आता सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) सरकारला द्यावा लागतो, तो तिथून फुटला तर काय, असं तुम्ही विचारलंय. नियम खरा आहे. ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडता येणारे कॅमेरे भारतात विकायचे तर हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो.

ही भीती जुनी आहे. जानेवारी २०१२ मध्ये 'लॉर्ड्स ऑफ धर्मराजा' नावाच्या हॅकर टोळीने सांगितलं, की सिमँटेक कंपनीच्या नॉर्टन अँटीव्हायरसचा कोड आम्हाला भारतीय लष्करी गुप्तचरांच्या सर्व्हरवर सापडला. झालं, सगळ्यांनी सरकारकडे बोट दाखवलं. कंपनीनेही आधी चोरी तिसऱ्याच कुणाकडे झाल्याचं सांगितलं. मग त्याच महिन्यात कबूल केलं, की कोड २००६ मध्येच तिच्या स्वतःच्या नेटवर्कमधून गेला होता. सहा वर्षं!

अँटीव्हायरसचा तो कोड तोवर शिळा झाला होता. खरी पंचाईत झाली सिमँटेकच्याच पीसीएनीव्हेअरची, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरची. जुना कोड त्यात अजून वापरात होता, आणि तो हाती असणाऱ्याला मधे बसून कनेक्शन हेरता आलं असतं. दुरुस्ती येईपर्यंत ते बंदच ठेवा, असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं.

कोड दिसला की सुरक्षा संपली, असं मात्र नसतं. क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसचा कोड कुणीही वाचू शकतो, तरी मेल सर्व्हरवर तो सर्रास वापरतात. कोडात कुणी पासवर्ड किंवा एन्क्रिप्शनच्या किल्ल्या लिहून ठेवल्या असतील तर गोष्ट वेगळी (आणि असे महाभाग असतात).

सरकारला कोड दाखवणंही नवं नाही. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दाखवतेय, अँटीव्हायरस बनवणाऱ्या कॅस्परस्कीने २०१८ मध्ये झुरिकला त्यासाठी केंद्र उघडलं. पण तपासलेल्या कोडापासूनच तुमच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर बनलंय, हे नुसत्या वाचनाने सिद्ध होत नाही. शिवाय नंतर अपडेट येतच राहतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसली. कोड कुणी चोरला नव्हता.

म्हणून दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: सरकारी तपासणीचं सर्टिफिकेट याच मॉडेलचं आहे का, आणि फर्मवेअरचे (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट किती वर्षं मिळणार. बडोद्यात बसवणारे बरेचदा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड टाकून जातात, तो त्याच दिवशी बदला. टॅलीच्या मशीनवर दुरून दुरुस्तीसाठी एनीडेस्क चालू ठेवलं असेल, तर काम झालं की बंद करा.