‘व्हिटल्स’ वाचताना

जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायला घेतल्या आहेस, तर हा शब्द भेटणारच. स्पेलिंग व्ही-आय-सी-टी-यू-ए-एल-एस, पण ‘व्हिक्च्युअल्स’ म्हणू नकोस. उच्चार ‘व्हिटल्स’. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘सी’ नव्हतं. पुढे विद्वानांनी लॅटिन मुळाशी जुळवायला ते घातलं. लिहिणं बदललं, बोलणं तसंच राहिलं.

अर्थ अन्न, पण ताटात वाढलेल्या एखाद्या पदार्थापेक्षा शिध्याकडे झुकणारा. बहुधा अनेकवचनातच येतो. त्याचा खरा मुक्काम ब्रिटिश नौदलात. जहाजावर शिधा भरणं यासाठी हाच शब्द क्रियापद होतो. या कामासाठी १६८३ पासून नौदलाचं वेगळं मंडळ होतं, आणि त्याआधी १६६५ मध्ये रोजनिशीमुळे प्रसिद्ध असलेला नौदल अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्याकडे या पुरवठ्याची देखरेख आली होती. त्या काळी खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर, शिवाय खारवलेलं मांस, वाटाणे. हे चित्र डोळ्यांपुढे ठेव. म्हणजे समुद्रकथेत मराठी करताना ‘जेवण’ न लिहिता ‘शिधा’ किंवा ‘रसद’ लिहिशील.

एक जागा मात्र फसवी आहे. ‘लायसन्स्ड व्हिटलर’ म्हणजे किराणा दुकानदार नव्हे, दारूविक्रीचा परवाना असलेला पबचालक.

अमेरिकी ग्रामीण पात्रांच्या तोंडी ‘व्हिटल्स’ हा शब्द उच्चाराप्रमाणे, व्ही-आय-डबल-टी-एल-ई-एस असा लिहिलेला दिसेल. तिथे मराठीत घरगुती ‘खाणंपिणं’ चालेल. तुझ्या स्वतःच्या आजच्या इंग्रजी लेखनात मात्र साधा ‘फूड’च लिही.