आयर्लंडच्या खेड्यांतले उदार दुकानदार आणि जुन्या शाळा यांच्या आठवणी कुठे वाचायला मिळतील? त्या कितपत खऱ्या मानाव्यात?

सुरुवात 'स्कूल्स कलेक्शन'पासून करा. 1937 ते 1939 मध्ये आयरिश फोकलोअर कमिशनने सुमारे 5,000 प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गातल्या मुलांना घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी विचारून लिहून आणायला लावलं. 'दूखस' (duchas.ie) या संकेतस्थळावर ते सगळं फुकट वाचता येतं. आधी काउंटी निवडा, मग शाळा. विषयांत 'खरेदी-विक्री' आणि 'हेज स्कूल' (सरकारी शाळांच्या आधी गावातल्या मास्तराने आडोशाला किंवा झोपडीत भरवलेली खासगी शाळा) हे दोन उघडा. गावाच्या नावाचं स्पेलिंग पानोपानी बदलतं, त्यामुळे नुसत्या नावाने शोधलं तर निम्मं हाती लागत नाही. काही वह्या आयरिश भाषेत आहेत. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्या मात्र यात नाहीत.

दुकानदाराचं औदार्य समजायचं तर त्याची उधारीची वही समजून घ्या. चहा, साखर, पीठ वहीत मांडून ठेवायचं. घरची बाई अंडी आणून द्यायची, तेवढी रक्कम वजा व्हायची; बाकीचा हिशेब बाजारात जनावर विकलं की मिटायचा. नाताळला कायमच्या गिऱ्हाइकाला मनुकांचा गोड पाव आणि खिडकीत लावायची जाडजूड मेणबत्ती मिळे. हे प्रेमाने दिलेलं असे, यात मला शंका नाही. पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये हाही त्यात हेतू होताच. काही ठिकाणी त्याच वहीने कुटुंबं पिढ्यान् पिढ्या अडकवली. अशा सावकार-दुकानदाराला तिथे 'गॉम्बीन मॅन' म्हणत. डोनेगलमधल्या डंग्लो भागात लोकांनी 1906 मध्ये टेम्पलक्रोन सहकारी संस्था काढली, ती याच जाचातून सुटण्यासाठी. म्हणून फक्त गोड आठवणी वाचून मत बनवू नका.

शाळांच्या बाबतीत काळाकडे नीट लक्ष द्या. सरकारी राष्ट्रीय शाळा 1831 पासून आल्या. 1937 मधलं मूल हेज स्कूलबद्दल लिहितं तेव्हा ते आजोबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं असतं. मास्तरांचं नाव, शाळा भरायची ती जागा हे बहुधा टिकलेलं असतं. साल आणि फीचे आकडे डळमळीत. याउलट हिवाळ्यात प्रत्येक मुलाने शेकोटीसाठी काखेत पीटचा (दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीचा) वाळलेला तुकडा घेऊन शाळेत जायचं, ही आठवण इतक्या ठिकाणी येते की ती बिनधास्त धरा.

पडताळायला 1901 आणि 1911 च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यात धंदा आणि लिहिता-वाचता येतं का, हे दोन्ही रकाने असतात.